शांतता काढून टाका

आमच्या मंडळात कविता करणारे जितके आहेत त्यापेक्षा व्हिडिओ एडिट करणारे नक्कीच जास्त आहेत. फक्त कविता करणारे तसं सांगतात आणि एडिट करणारे सांगत नाहीत. वाढदिवसाची रील, हॉस्टेलचा सेंड-ऑफ, मावसबहिणीचं लग्न, चर्चच्या फेस्ताची मिरवणूक. कोणी ना कोणी रात्री बारा वाजता फोनवर बोटं सरकवत काहीतरी कापत आणि जोडत असतंच. त्याला साहित्य कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. पण कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं काढायचं, आणि दोन वाक्यांच्या मधे किती जागा सोडायची, हेच आम्ही तीन वर्षं वर्गात वाचतो आहोत ना? म्हणून या अंकासाठी पुस्तकाबद्दल न लिहिता सॉफ्टवेअरबद्दल लिहिते आहे. मॅडमनी परवानगी दिली आहे (थोडं हसून, पण दिली).

जाहिरातीत ही सगळी सॉफ्टवेअर्स ‘नवशिक्यांसाठी’ असतात. ‘दोन मिनिटांत शिका’, ‘एका क्लिकमध्ये व्हिडिओ तयार’. माझा प्रश्न असा आहे की त्या एका क्लिकमध्ये निर्णय कोण घेतं?

आधी थोडा इतिहास, कारण आमच्या पिढीला वाटतं की हे सगळं रील्सबरोबर आलं. माझ्या फर्स्ट कम्युनियनचा व्हिडिओ माझ्या मामांनी विंडोज मूव्ही मेकरवर केला होता. ते सॉफ्टवेअर २००० साली विंडोजबरोबर यायला लागलं, फुकट, आणि जवळपास सतरा वर्षं टिकलं. जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. आपल्याकडच्या किती घरांतल्या लग्नांच्या आणि बारशांच्या आठवणी त्यातून गेल्या असतील! मामांच्या व्हिडिओत प्रत्येक फोटो वेगळ्या पद्धतीने येतो. एक गोल गोल फिरत, एक पानासारखा उलटत, एक चौकोनांत फुटत. पांढऱ्या फ्रॉकमधली मी चांदणीच्या आकारातून बाहेर येते. मामांना विचारलं, एवढी ट्रान्झिशन्स कशाला? तर म्हणाले, “दिली होती की त्यांनी, मग वापरायला नको?”

हे उत्तर मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. आता वाटतं, नवशिक्याचं सगळं शास्त्र त्यात आहे. सॉफ्टवेअर जे पुढे करतं ते आपण उचलतो. तेव्हा त्याने चांदण्या पुढे केल्या, आज ते वेगळंच काहीतरी पुढे करतं.

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीसाठी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनासाठी, मंडळाने पाच मिनिटांच्या फिल्म मागवल्या होत्या. विषय ‘माझ्या घरातली मराठी’. आम्ही तिघं एका गटात होतो: मी, मराठी माध्यमातून आलेली एक मैत्रीण आणि कॅमेऱ्याची आवड असलेला एक मित्र. बेळगावात हा विषय द्यायचा म्हणजे जरा काडी लावण्यासारखंच आहे. आमच्या घरी कोकणी, गल्लीत मराठी, भाजीवाल्याशी अर्धी कन्नड, शाळा इंग्लिश. मी कोणत्या घरातली मराठी दाखवणार होते? शेवटी ठरलं की आजीला बोलतं करायचं. माझी आई-आजी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि कॅम्पात मामांकडे राहते. आजोबा शिंपी होते, युनिफॉर्म शिवायचे, आणि आजी घरी बसून काजं करायची आणि बटणं लावायची. अशी चाळीस वर्षं. तिला बोलायला विषय पुरतो.

एका शनिवारी दुपारी मित्राच्या फोनवर आम्ही बेचाळीस मिनिटं शूट केलं. आजीने लुगडं बदललं, केस परत विंचरले आणि मग म्हणाली, “विचारा की, काय विचारतायसा?”

सुरुवात आम्ही फोनवरच्या ॲपपासून केली. जिथे पाहावं तिथे तेच सुचवलेलं असतं. यूट्यूबवर शिकायला गेलो तर निम्मे धडे कॅपकटचे. पण ते भारतात मिळत नाही. २९ जून २०२० ला सरकारने जी पहिली एकोणसाठ चिनी ॲप्स बंद केली त्यात टिकटॉक होतं, आणि कॅपकट त्याच कंपनीचं. त्यामुळे आपल्याकडच्या नवशिक्याची पहिली अडचण अशी की शिकवणारा एक सॉफ्टवेअर उघडून बसलेला आणि शिकणारा दुसरंच. तो सांगतो ते बटण आपल्याकडे नसतंच. दुसऱ्याचा चष्मा लावून वाचल्यासारखं.

मग एक ॲप घेतलं. नाव सांगत नाही, कारण असली पन्नास आहेत आणि सगळी सारखीच वागतात. उघडल्याबरोबर विचारलं, टेम्प्लेट कोणतं? वाढदिवस, प्रवास, प्रेम, ‘आजी-आजोबांच्या आठवणी’. खरंच, होतं असं टेम्प्लेट! आम्ही आनंदाने तेच निवडलं. पियानो वाजला, कडा तपकिरी झाल्या, आणि आजीच्या बेचाळीस मिनिटांतले तुकडे त्याने आपल्या मनाने उचलून दर अडीच सेकंदांनी, ठेक्यावर, एकापुढे एक लावले. आजी हसते, आजीचा हात, आजी खिडकीत. फार सुंदर दिसत होती. पण एकही वाक्य पूर्ण नव्हतं. पियानोच्या खाली तिचा आवाज त्याने बंदच करून टाकला होता. कुणाचीही आजी असती तरी चाललं असतं त्यात. वर उजव्या कोपऱ्यात ॲपचा शिक्का, आणि तो काढायचा तर पैसे भरा.

मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर श्रद्धांजली झाली.” आजी तेव्हा मामांच्या घरी व्यवस्थित चहा पीत होती.

मग लॅपटॉपवर आलो. माझा लॅपटॉप जुना, चार जीबीचा. त्यावर काय चालेल हे शोधताना मुक्त स्रोतातली नावं सापडली: ओपनशॉट, शॉटकट, केडेनलाइव्ह. तिन्ही फुकट आणि तिन्ही व्हिडिओवर शिक्का मारत नाहीत. आम्ही शॉटकट घेतलं. दिसायला ते अगदी साधं आहे. उघडल्यावर कोणी स्वागत करत नाही, टेम्प्लेट विचारत नाही. एक रिकामी काळी पट्टी असते आणि ती तुमची वाट बघते. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही तिच्याकडे बघत बसलो आणि मग समोसे खायला गेलो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी इथेच सांगून टाकते. फोनवरचा व्हिडिओ सेकंदाला बरोबर तीस चौकटींचा असतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. उजेड आणि फोनची ताकद बघून तो आकडा मागेपुढे होत राहतो. त्यामुळे एडिट करताना आवाज आणि ओठ यांची फारकत होऊ शकते. शॉटकट अशी फाइल ओळखून विचारतं की हिला एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलू का. हो म्हणा. वेळ लागतो, पण हो म्हणा. दुसरं, लॅपटॉप दमत असेल तर ‘प्रॉक्सी’ चालू करा. म्हणजे काम करताना ते कमी रिझोल्यूशनची प्रत वापरतं आणि शेवटी बाहेर काढताना मूळ फाइल घेतं. तिसरं, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. तिथे फक्त ‘अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, इथून इथपर्यंत’ अशी यादी असते. म्हणून सगळं पहिल्या दिवसापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पेन ड्राइव्हवर नेताना अख्खा फोल्डर न्या. आणि फुटेज व्हॉट्सॲपवरून पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं तर ते चेपून निम्मं होतं.

बाकी शिकायला फार नाही. एस् दाबलं की पट्टी तिथे दुभंगते. मग नको असलेला तुकडा काढायचे दोन मार्ग आहेत, आणि ह्या दोन मार्गांत मी दोन दिवस अडकले होते. एक्स दाबलं तर तुकडा जातो आणि पुढचं सगळं सरकून मागच्याला चिकटतं. झेड दाबलं तर तुकडा जातो पण त्याची जागा तशीच राहते, रिकामी, काळी. पहिल्याला ‘रिपल डिलीट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘लिफ्ट’. मला हे आजीच्या भाषेत लगेच समजलं. उसवून कापड परत ओढून शिवलं की उसवलेलं कळत नाही. नुसतं उसवलं तर भोक दिसतं. आजीला एकदा मांडीवर लॅपटॉप घेऊन हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “ओढून शिवलं तर अंगाला घट्ट होतंय, एवढं लक्षात ठेव.”

तर अशी आमची पट्टी तयार होत गेली. बेचाळीसची अठरा झाली, अठराची नऊ, नऊची सहा. आणि पाच मिनिटं नऊ सेकंदांवर येऊन थांबली. मर्यादा पाच मिनिटांची.

तेव्हा मित्राने सांगितलं की त्याच्या भावाकडे एका विकतच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती आहे आणि त्यात एक बटण आहे. ‘शांतता काढून टाका’. इंग्लिशमध्येच होतं अर्थात, मी मराठीत सांगते आहे. दाबलं की बोलण्यातल्या सगळ्या रिकाम्या जागा आपोआप गळतात. आवाज एका ठरावीक पातळीच्या खाली अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला की तेवढा भाग तोडायचा आणि पुढचं ओढून चिकटवायचं, एवढंच ते करतं. लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्यांना, पॉडकास्ट करणाऱ्यांना हे वरदान आहे, मी नाकारत नाही. आमच्या एका सरांच्या लेक्चरवर लावलं तर पाऊण तासाचं तास फार तर पंचवीस मिनिटांत संपेल.

आम्ही दाबलं. पाच मिनिटं नऊ सेकंदांची फिल्म चार मिनिटं एकवीस सेकंदांची झाली. मित्राने टाळी वाजवली.

आता त्या फिल्ममध्ये एक जागा होती, ती सांगायला हवी. मैत्रिणीने आजीला विचारलं होतं, “आजी, तुमची मातृभाषा कोणती?” तिने हे अगदी शाळेच्या मराठीत विचारलं, तक्ता भरून घेतल्यासारखं. आणि आजी गप्प बसली. मूळ फुटेजमध्ये ती अकरा सेकंद गप्प आहे. आधी मैत्रिणीकडे बघते. मग माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. मग खाली. तिचा अंगठा मधल्या बोटाच्या टोकावर फिरत राहतो, जिथे इतकी वर्षं अंगुस्तान असायचं. आत मामी कुकर लावत होती, त्याची एक शिट्टी होते. मग ती बोलते:

“रोझरी कोकणीत होते. तुझ्या आजोबांशी भांडण मराठीत. बटणं मोजायला घेतली की कन्नड येतंय, मालक कन्नड होता नव्हे.” मग जरा थांबून, “मातृभाषा म्हंजे आईचीच काय? आई लवकर गेली माझी. ती काय बोलायची ते आता आठवत नाही बघ.”

शांतता काढल्यावर हेच असं झालं: “तुमची मातृभाषा कोणती?” कुकरची शिट्टी. “रोझरी कोकणीत होते.” हो, शिट्टी राहिली. शिट्टी मोठी होती ना, पातळीच्या वर होती. सॉफ्टवेअरच्या लेखी त्या अकरा सेकंदांत सांगण्यासारखं तेवढंच होतं. आणि आजी? आजी एकदम हजरजबाबी म्हातारी होऊन गेली. प्रश्न पडला न पडला की फटकन उत्तर. लोक हसले असते, टाळ्या पडल्या असत्या. तिच्या तोंडचा एकही शब्द आम्ही बदलला नव्हता. सगळे शब्द तिचेच, त्याच क्रमाने. तरी ते तिचं बोलणं राहिलं नव्हतं. अकरा सेकंद ती आपल्या आईचा आवाज शोधत होती, आणि तो सापडला नाही म्हणून तिने जे होतं ते मोजून दिलं.

फिल्मच्या पेपरला आपण कुलेशोवचा प्रयोग शिकतो. नटाचा तोच चेहरा, शेजारी एकदा सुपाची ताटली, एकदा शवपेटी, आणि बघणाऱ्याला तोच चेहरा एकदा भुकेला आणि एकदा दुःखी वाटतो. परीक्षेत मी हे पाच मार्कांना लिहिलं आहे. पण त्यात चेहऱ्याशेजारी काय ठेवलं याची गोष्ट आहे. चेहऱ्याशेजारून काय काढलं याची पण एक गोष्ट असते, ती मला शिट्टीने शिकवली.

मी म्हटलं, अकरा सेकंद परत घालायची. इथून आमचं भांडण सुरू झालं, आणि ते फक्त सेकंदांचं राहिलं नाही.

मित्राचं म्हणणं साधं होतं. अकरा सेकंद काही घडत नसलेलं कोणी बघत नाही, लोकांना वाटेल व्हिडिओ अडकला. मैत्रिणीचं म्हणणं वेगळं होतं आणि त्याला मी आजही हलकं मानत नाही. ती म्हणाली, शांतता ठेव हवं तर, पण हे उत्तरच काढू या. विषय काय? माझ्या घरातली मराठी. आणि आपली आजी सांगते की माझी प्रार्थना कोकणीत, हिशेब कन्नडमध्ये आणि मातृभाषा आठवत नाही. मग मराठीच्या वाट्याला काय आलं, भांडण?

मी हसले तर ती म्हणाली, “हसू नकोस. माझ्या शाळेत माझ्या वर्गात चौतीस जण होते. आता त्याच वर्गात अकरा आहेत. तुला घरात तीन भाषा आहेत, मला एकच आहे. इथे मराठीचं काहीही करायला गेलं की आधी सिद्ध करावं लागतं. आणि आपण आपल्याच हाताने दाखवायचं की बघा, यांच्या घरातसुद्धा नाही?”

यावर काय बोलणार? तिच्या ठिकाणी ती बरोबर होती. बेळगावात मराठी बोलणं ही काहींसाठी सवय आहे आणि काहींसाठी भूमिका आहे. माझ्यासारख्या कॅथलिक पोरीकडे तर दोन्ही बाजूंनी जरा संशयाने बघतात: तुम्ही कोकणीवाले ना? आणि गोव्यातल्या नातेवाइकांकडे गेले की, तुम्ही बेळगावचे, मराठीवाले ना? आजी या दोन्ही प्रश्नांच्या मधे अकरा सेकंद बसली होती, असं मला वाटत होतं. ते मैत्रिणीला मी त्या दिवशी नीट सांगू शकले नाही. मी एवढंच म्हटलं की आजीच्या घरातली मराठी अशीच आहे, बाकीच्या दोघींच्या मधे बसलेली; तिला एकटी काढून दाखवली तर ती दुसऱ्याच घरातली होईल.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. मधल्या वेळात मी सबटायटल्स केली.

सबटायटल्सबद्दल वेगळा लेख होईल, पण थोडं सांगते. आमच्या कॉलेजात कन्नड मुलं आहेत, म्हणून इंग्लिश सबटायटल्स द्यायचं ठरलं होतं. एका ॲपमध्ये ती आपोआप होत होती. पण त्याला आधी भाषा सांगावी लागते, आणि एकच. यादीतून एक निवडा. आजी निवडत नाही! मराठी म्हटलं तर कोकणी वाक्यांचा चुराडा झाला. शिवाय आमची बेळगावची मराठी. आपण ‘पण’ला ‘खरं’ म्हणतो. आजी म्हणते, “काज करताना बोललं तर चालतंय, खरं बटण लावताना बोलायचं नाही, दोरा तोंडात असतोय नव्हे.” त्याचं इंग्लिश आलं ते ‘बोलणं चालतं, हे सत्य आहे’ अशा अर्थाचं. शिवणकामातून थेट तत्त्वज्ञान.

शेवटी हाताने केलं. एसआरटी नावाची साधी फाइल असते, नोटपॅडमध्येही लिहिता येते. क्रमांक, त्याखाली कधीपासून कधीपर्यंत ती वेळ, त्याखाली ओळ. मग एक ओळ रिकामी, आणि पुढचा क्रमांक. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त ठेवू नका, वाचून होत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण कुठल्याही वर्गात मी एवढं लक्ष देऊन कुणाचं वाक्य ऐकलेलं नाही. आजी श्वास कुठे घेते हेसुद्धा मला पाठ झालं.

आणि देवनागरीचं दुखणं तर आहेच. आधीच्या एका ॲपमध्ये शीर्षक लिहिलं की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसायची आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसायचं. कारण असं की वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसायला हवी अक्षराच्या आधी. ती फिरवाफिरव सॉफ्टवेअरने करायची असते. ज्याने ती शिकवलेलीच नाही ते अक्षरं नुसती रांगेत उभी करतं. तेव्हा मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. क्रिस्तपुराण आपण अभ्यासाला वाचतो; १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ते छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत, आणि लिपी रोमन. देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते. चारशे वर्षांनी आम्ही तीन मिनिटं ‘ख्रिस्त’ हा शब्द एका पडद्यावर नीट बसवायचा प्रयत्न करत होतो, तेव्हा त्या इंग्लिश जेझुइटाबद्दल मला फार आपुलकी वाटली. (शॉटकटमध्ये बसला. योग्य युनिकोड फॉन्ट निवडा, एवढंच.)

तिसऱ्या दिवशी मैत्रीण स्वतःच आली. तिने सबटायटल्स वाचली, त्या जागेवर येऊन थांबली. अकरा सेकंदांत खाली काही ओळ नव्हती, अर्थातच. तिने तो भाग दोनदा बघितला. मग म्हणाली, “ठेवू. खरं माझी एक अट आहे. फिल्मचा शेवट मराठी वाक्यावर झाला पाहिजे. आणि ते आजीचंच पाहिजे, व्हॉइसओव्हर नको.” आमच्याकडे बटण आणि दोरा होतंच. ते उचलून शेवटी नेलं. आणि ते तिथे जास्त चांगलं बसलं, हे मला मान्य करायलाच हवं.

नऊ सेकंदांचा प्रश्न उरला होता. तेव्हा कळलं की आमची टायटलं चौदा सेकंदांची आहेत. टेम्प्लेटमधली, सोनेरी, एकेक नाव उडत येणारी. मित्राने ती मोठ्या प्रेमाने केली होती. ती काढली, शेवटी चार सेकंद पांढऱ्या अक्षरांत तिघांची नावं टाकली, आणि हिशेब लागला: चार मिनिटं एकोणसाठ सेकंद. मित्र तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होता.

२७ तारखेला फिल्म सभागृहात लागली. अकरा सेकंदांची जागा आली तेव्हा मागच्या रांगेतला एक जण उठला आणि स्पीकरची वायर तपासायला निघाला. मित्राने माझ्याकडे ‘सांगितलं होतं’ असं बघितलं. वायरवाला अर्ध्या वाटेवर होता तेव्हा शिट्टी झाली, तो थांबला, आणि आजी बोलायला लागली ते त्याने उभ्यानेच ऐकलं. ‘मालक कन्नड होता’ला कन्नड मुलं सगळ्यांत जोरात हसली. त्याच्या पुढच्या वाक्याला कोणी हसलं नाही. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालं, जात्यावरच्या ओव्यांवर केलेल्या फिल्मला, आणि ती खरंच चांगली होती.

आजीला नंतर मामांच्या टीव्हीवर दाखवली. पहिली दोन मिनिटं तिने आपल्या केसांवर टीका केली. मग ती जागा आली. पडद्यावरची आजी गप्प होती आणि सोफ्यावरची आजी, तिच्याकडे बघत, हळूच म्हणाली, “पुता म्हणायची काय की.” मी म्हटलं, कोण? तर म्हणाली, “आई. तसं वाटतंय, नक्की नाही.” मामी आतून काहीतरी विचारायला आल्या आणि विषय तिथेच राहिला. तेव्हा माझ्या हातात फोन नव्हता.

पाच मिनिटं तर झाली, पण उरलेली सदतीस फोल्डरमध्ये पडून आहेत. ती मी कापणार नाही. फक्त सगळ्या बेचाळीस मिनिटांची एसआरटी पूर्ण करायची आहे, तिन्ही भाषा जशा आहेत तशा देवनागरीत. आतापर्यंत सतराव्या मिनिटापर्यंत आले आहे. तिथे काज कापायच्या छोट्या हत्याराला ती एक शब्द वापरते. पन्नास वेळा ऐकला, तो ‘प’ आहे की ‘फ’ तेच कळत नाही. ओळ क्रमांक १९८ रिकामी ठेवली आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर तिच्याकडे जेवायला जायचं आहे, तेव्हा विचारते.